पडद्यामागची घंटी

दवाखान्यात बसून बसून माणसाकडे किस्से साठतात. मोबाईल मला मिळत नाही, भिंतीवरचा कातडी नसलेल्या माणसाचा तक्ता पहिल्याच दिवशी पाठ झाला, मग उरतं ते ऐकणं. शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी विचारतात, ‘‘आज क्या हुआ?’’ मी सांगते आणि त्या पोट धरून हसतात. तिथं बसलेली असताना मला मात्र एकदाही हसू आलेलं नाही.

माझे बाबा इथं गंगेकाठी, पंचगंगा घाटावर पूजा सांगतात; आमच्या घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी. मान खाली घालून पोथी वाचण्यात इतकी वर्षं गेली की मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या. आधी नुसती मान दुखायची. मग डावा हात बधिर व्हायला लागला. एकदा आरतीच्या मधेच, यजमानांसमोर, त्या हातातली घंटी निसटली आणि पायऱ्यांवरून टणटणत थेट गंगेत गेली. बाबांनी आरती पुरी केली. 

भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत सुया टोचून उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. एमआरआय बघून त्या स्पष्टच म्हणाल्या, ‘‘दस बार सूई लगाऊँगी। मुट्ठी में ताक़त नहीं आई तो सीधे सर्जन के पास। फिर एक दिन भी नहीं रुकना है।’’

ऑपरेशन, तेही मानेचं! तेव्हापासून मी दहापर्यंत मोजते आहे.

*

पहिल्या दिवशी पडदा ओढला गेला. खाट आखूड आणि बाबा उंच, त्यामुळे त्यांचे पाय पडद्याबाहेर आले. मी त्या पायांकडेच बघत बसले. थोड्या वेळानं उजवा अंगठा दोनदा हलला. ‘ठीक आहे’ असं ते मला कळवत होते.

डॉक्टरीणबाई सुया मोठ्यानं मोजून लावतात आणि मोजून काढतात. लावताना चौदा झाल्या. काढताना तेरा!

आत गेली असेल तर? विचारायचं होतं, पण परक्या माणसांसमोर मी कधी बोलत नाही. पडदा सरकवून चादर चाचपली, बनियन उलटं केलं, खाटेखाली टॉर्च मारून झाला. शेवटी मदतनीस शांतीदीदीला ती सापडली. बाबांच्या शेंडीत, टाळूच्या मधोमध, लावली होती तिथंच उभी!

डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, ‘‘पंडितजी, इस चोटी में तो नाव खो जाए! थोड़ी कटवा लीजिए।’’

बाबा पालथेच म्हणाले, ‘‘गर्दन आपकी, चोटी हमारी!’’

*

सुया लावल्यावर वीस मिनिटं हलायचं नाही. चक्कर आली, कळ मारली तर वाजवायला प्रत्येकाच्या हातात एक पितळी घंटी देतात, अगदी पूजेतल्यासारखी. बाबांच्या डाव्या हातात ती टिकत नाही म्हणून पडदा ओढायच्या आधी शांतीदीदी उजव्या हातात देते. ते बघवत नाही म्हणून तेवढा वेळ मी तक्त्याकडे बघते.

एकदा मधल्या खाटेवरून जोरात घंटी वाजली. शांतीदीदी धावली. रामनगरहून येणाऱ्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, ‘‘बिटिया, चाय मिली का?’’

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर डुलकी लागलेले एक आजोबा जागे झाले आणि आरती सुरू झाली समजून सुयांसकट हात जोडायला निघाले!

‘‘हाथ नीचे!’’ डॉक्टरीणबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की दचकून तिन्ही खाटांवरच्या घंट्या वाजल्या.

*

एक बँकेतले साहेब आले होते. दंड असे की बाही उसवेल. माझा चेहरा बघून म्हणाले, ‘‘डरती हो? अरे, चींटी काटती है बस!’’

थोड्या वेळानं पडद्यामागे धप्प! साहेब जमिनीवर, डोळे पांढरे.

सुई अजून पाकिटातच होती!

त्या दिवशी बाबांचा अंगठा हलेपर्यंत मी श्वास सोडला नाही.

*

सातव्या वेळेपर्यंत मूठ तशीच होती. बाकावरच्या एका काकांनी बाबांच्या डोक्यात भरवलं, की घाटावरचा न्हावी एका झटक्यात मान मोकळी करतो. आणि परत येताना बाबा खरंच त्या न्हाव्यासमोर जाऊन बसले! मानेला झटका अजिबात नको, हात कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी त्यांची बाही ओढली.

‘‘दोन मिनिटांचं काम आहे गं, मुक्ता. सुया किती दिवस टोचून घ्यायच्या?’’

न्हाव्यानं एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यावर ठेवला.

‘‘हात काढा! आधी हात काढा!’’

पायऱ्यांवरचे सगळे वळून बघायला लागले. ओरडणारी मीच होते, हे मला जरा उशिरानं कळलं. न्हाव्याला मराठी येत नाही, पण त्याचे दोन्ही हात वर! लहानपणापासून तो मला रोज बघतो. बाबांच्या कानाशी वाकून तो म्हणाला, ‘‘पंडितजी, बिटिया बोलती भी है?’’

*

दहाव्या वेळेला बाबा गल्लीभर माझ्या पुढे पुढे चालले. मूठ तपासायची होती, पण सुया काढून झाल्यावर. पडदा ओढला गेला. मी पायांकडे बघत बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अंगठा हलला नाही. हलवा ना, बाबा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. बारा.

आणि घंटी वाजली.

शांतीदीदी धावली, डॉक्टरीणबाई धावल्या, आणि आजवर कधी पडद्याआड न गेलेली मीसुद्धा आत शिरले. बाबा पालथे पडले होते. उजवा हात चादरीवर रिकामा पसरलेला. घंटी डाव्या हातात होती आणि अजून वाजत होती, संथ, आरतीच्या लयीत.

‘‘क्या हुआ, पंडितजी? चक्कर?’’

‘‘नहीं.’’ बाबांनी मान वळवली नाही. ‘‘मुक्ता आली का आत?’’

‘‘हो, बाबा.’’

‘‘घाटाच्या खालच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल ना गं?’’