खाली म्हणजे नक्की कुठे

हरिदास नाफडे फरीदाबादच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, पण तिथल्या मराठी मंडळींत त्यांची खरी ख्याती हिंदीसाठी. महाराष्ट्रातून कोणी नवीन बदलून आलं, की घरमालकाशी बोलायला, गॅसच्या नोंदणीला हरिदासच पुढे. "बारा वर्षं काढली इथे," ते म्हणत, "आता स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात." त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई अशा वेळी चहाचं बघायला आत जात.

ते साल पंच्याण्णव. सेक्टरांत नवे फ्लॅट उठत होते आणि दुकानांच्या काचांआड परदेशी माल उघड दिसू लागला होता. हरिदासांनाही आपल्या नव्या दिवाणखान्यात छातीएवढे उंच स्पीकर हवे होते. निमित्त मात्र वैजयंतीबाईंच्या एका कॅसेटचं. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिने म्हटलेल्या चार भूपाळ्या त्या कॅसेटवर होत्या. आवाज जड, खर्जातला. घरातल्या जुनाट टेपवर तो असा काही गुदमरायचा, की वैजयंतीबाई अर्ध्यातच बटण बंद करत.

"बघच तू," हरिदास म्हणाले, "आई इथे बसून गातायत असं वाटेल." बाकी त्यांच्या बोलण्यात हवा पुष्कळ असे, हे मात्र मनापासून होतं.

दिल्लीतल्या एका दुकानात तशी जोडी निम्म्या किमतीला मिळाली. शोरूममध्ये मांडलेली होती, म्हणून स्वस्त. प्रत्येक खोक्यात काळ्या जाळीआड एकाखाली एक तीन स्पीकर. मालक बत्राजी सरळ माणूस. ते म्हणाले, "ऊपर के दोनों बढ़िया हैं जी. नीचेवाला खाली है, देख लीजिए."

आता हिंदीत खाली म्हणजे रिकामा, हे हरिदासांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐन वेळी कान मराठी निघाले. नीचेवाला खाली आहे, यात सांगण्यासारखं काय? ते ऐटीत म्हणाले, "नीचेवाला खाली ही होगा ना जी, ऊपर थोड़े होगा!" बत्राजी पोट धरून हसले. आपला विनोद पोचला म्हणून हरिदासही हसले आणि टेम्पो बोलवायला धावले.

घरी कॅसेट लागली. आवाज स्वच्छ आला, पण बारीक, हवेत लटकल्यासारखा. वैजयंतीबाई ऐकत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण ही आई नाही वाटत हो. आईची कुणी धाकटी बहीण असावी." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. हरिदासांनी उठून जाळी काढून पाहिली. खालच्या जागी, जिथून खर्ज यायचा, तिथे नुसतं भोक होतं. हात कोपरापर्यंत आत गेला.

पुढच्या शनिवारी दोघं दुकानात. बसमध्ये हरिदासांनी फसवणुकीवर एक तडाखेबंद हिंदी भाषण तयार केलं होतं. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत बत्राजी म्हणाले, "अरे साहब, मैंने तो साफ कहा था, नीचेवाला खाली है! और आपने क्या जवाब दिया था! हफ्ते भर से सबको सुना रहा हूँ."

वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हरिदासांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"देखिए," बत्राजी म्हणाले, "जानबूझकर लिया हो तो मैं कुछ नहीं कर सकता. समझने में गलती हुई हो, तो बोलिए. आदमी घर भेजकर दोनों में असली स्पीकर डलवा दूँगा."

जाणूनबुजून घेतला, असं म्हटलं की बारा वर्षांची अब्रू शाबूत राहत होती. फरीदाबादेत कुणाला काही कळलं नसतं. फक्त आईचा आवाज तसाच अर्धा राहिला असता. हरिदासांनी बसमधलं भाषण सोडून दिलं.

"मेरे को... समझा नहीं."

वाक्यातली हिंदीच अशी होती, की बत्राजींचा तत्काळ विश्वास बसला.

मग वैजयंतीबाई पुढे झाल्या. "भाईसाहब, मेरी माँ की आवाज है. जरा ध्यान से लगवाइएगा." बत्राजी एकदम उभेच राहिले आणि आत कारागिराला हाक मारायला गेले.

हरिदास बघतच राहिले. "तुला इतकी चांगली हिंदी कधीपासून येते?"

"अहो, तुम्ही दूधवाल्याशी बोलून आत गेलात, की मागाहून त्याला सगळं पुन्हा कोण सांगतं? बारा वर्षं!"

हरिदास खाली बघू लागले. वैजयंतीबाईंनी त्यांच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली.

"पण आज तुम्ही बोललात ना," त्या म्हणाल्या, "तेवढं चांगलं मला नसतं जमलं."