नागपूरजवळचं यवतमाळ

नागपूरहून यवतमाळची एस.टी. सुटली, तेव्हा साताऱ्याचं घर सोडून मला एक आख्खा दिवस झाला होता. भावाच्या मुलीला, वृंदाला, यवतमाळचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा हेमंत, वकील. त्याच्या टिपणात गावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘यवतमाळ (नागपूरजवळ)’. घर पाहायला खरं म्हणजे भावाने जायचं. पण त्याचा गुडघा धरला होता आणि मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त, म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामी. निघताना त्याने एकच बजावलं होतं. मुलगा नागपूरला बिऱ्हाड करणार असेल तर पुढे बोल, नाहीतर चहा पिऊन परत ये. त्याला तरी काय बोलणार? त्या दिवसांत वर्तमानपत्रात यवतमाळचं नाव आलं की शेजारी कपाशी आणि आत्महत्या हे दोन शब्द ठरलेले.

मुलाच्या आईने तर फोनवर मला यवतमाळला येऊच नका असं सुचवलं होतं. नागपूरला त्यांच्या भावाचा फ्लॅट होता, तिथेच भेटू म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगी काय फ्लॅटला द्यायची आहे? मी घरीच येते.

बसमध्ये शेजारी दारव्ह्याचे एक गृहस्थ होते. मी कुठून आले, कशी आले, हे त्यांनी वर्धा येण्याआधीच काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“अवो बाई, तुमची रेल्वे धामणगाववरूनच आली ना? मंग तिथंच काहून नाही उतरल्या? तिथून यवतमाळ तासा-दीड तासाचं. तुम्ही तं पुढं जाऊन मागं येऊन राहिल्या!”

आयुष्यभर मुलांना नकाशा वाचायला शिकवला आणि स्वतः निघताना तो उघडूनही पाहिला नाही. सगळे नागपूर नागपूर म्हणत होते, म्हणून मी नागपूरचं तिकीट काढलं. गृहस्थांनी माझी समजूत घातली. “जाऊ द्या. आमच्याकडं येनारे सगळे असेच फिरून येतात.”

कळंबच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि सगळे खाली उतरले. रस्त्याच्या कडेला कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, पुढच्या खरेदी केंद्राकडे तोंड करून. बैल सोडलेले, माणसं गाड्यांच्या सावलीत आडवी झालेली. बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. रांग किती दिवसांची, असं मी एकाला विचारलं. “तिसरा दिवस,” तो म्हणाला आणि माझ्यासाठी घोंगडीवर जागा करून दिली. चाक बदलेपर्यंत मी तिथेच बसले.

यवतमाळ मी मनात धरलं होतं त्यापेक्षा बरंच उजवं निघालं. गाव जरा उंचावर आहे, त्यामुळे हवेत गारवा होता. रस्ते रुंद, झाडं भरपूर, चौकात पुस्तकांचं एक चांगलं मोठं दुकान. मी ते पाहत उभी होते तेवढ्यात एक रिक्षावाला पुढे आला. माझा चष्मा, खांद्यावरची झोळी आणि हातातली वही त्याने एका नजरेत पाहिली.

“म्याडम, कोनत्या पेपरच्या? कोनत्या गावाले नेऊ?”

“मी पेपरची नाही,” मी रिक्षात बसत म्हटलं. “मुलगा पाहायला आले आहे. लग्नाचा.”

त्याने रिक्षा बंद केली आणि मागे वळून मला नीट पाहून घेतलं. “खरंच? बाहेरगावचं मानूस आजकाल रडनं लिहून न्यायलेच येते, बाई. पोरगं पाहाले आलेलं लय दिवसानं पाह्यलं!” हेमंतचं नाव सांगितल्यावर पत्ता विचारण्याची गरज त्याला पडली नाही. “वकीलसाहेब या टायमाले कचेरीतच असतीन,” म्हणून त्याने मला थेट कोर्टात नेऊन सोडलं आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

आवारातल्या कडुनिंबाखाली, टेबलापाशी हेमंत एका म्हातारीचा कागद वाचत होता. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि म्हणाला, “दहा मिनिटं बसता का? या आजी घाटंजीहून आल्यात, त्यांची परतीची गाडी जाईल.” होणाऱ्या जावयाने मुलीच्या आत्याला बाकावर बसवून ठेवायचं, हे माझ्या ऐकिवात नव्हतं. पहिली पाच मिनिटं मला राग आला. पुढच्या पाचांत तो त्या बहिऱ्या म्हातारीला वाटणीची एकच गोष्ट न चिडता चौथ्यांदा सांगताना ऐकला आणि मुलगा मला आवडून गेला.

घरी त्याच्या आईने पाटावर बसवून जेवू घातलं. सांबारवडी होती (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), कढी होती, वांग्याची भाजी होती. मी लाजलज्जा सोडून पाच वड्या खाल्ल्या. आई माझ्याशी फार जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या आणि दर दोन वाक्यांनी नागपूर आणत होत्या. नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, नागपूरला मोठे दवाखाने आहेत, नागपूरला काय नाही?

शेवटी मी हेमंतलाच विचारलं. “नागपूरला जाणार आहात का तुम्ही?”

“नाही,” तो म्हणाला.

“कधीच नाही?”

“आज तरी तसं मनात नाही. तिथं मी हजार वकिलांतला एक. इथं माझं काम बसलंय. घाटंजी, आर्णीचे लोक सकाळच्या गाडीनं येतात, संध्याकाळी घरी जातात. अन् खरं सांगू का, मला नागपूर आवडतही नाही. वृंदांना हे आधी कळायला पाहिजे.”

तो परत कोर्टात गेल्यावर त्याच्या आईने माझा हात धरला. जपून बोलणं केव्हाच सुटलं होतं. “ताई, तुम्ही घरी सांगा, पोरगा नागपूरले जानार हाय म्हनून. लग्न झाल्यावर पाहू. ‘यवतमाळ’ म्हटलं का लोक मागं फिरतात हो. दोन स्थळं अशीच गेली. माह्या पोरात काय खोट हाय, सांगा मले!”

खोट काहीच नव्हती. मी त्यांना ‘बघते’ म्हटलं आणि निघाले. या वेळी धामणगावहून. गाडीत रात्रभर ती थाप मनात घोळवत राहिले. एक वाक्य बोललं की लग्न जमत होतं. पण तो मुलगा तोंडावर खरं बोलला होता आणि त्याचं खरं मी खोटं करून सांगायचं, हे काही माझ्याने होईना.

साताऱ्याला पोचल्यावर सगळं होतं तसं सांगितलं. गावाची हवा, रुंद रस्ते, रिक्षावाला, वड्या, सगळ्याची तोंड भरून स्तुती केली. मुलगा नागपूरला जाणार नाही, हेही सांगितलं. भावाने मान हलवून वर्तमानपत्र उघडलं. वृंदा मात्र मन लावून ऐकत होती. मुलगा तिला आवडतोय असं मला दिसत होतं.

“आत्या,” तिने विचारलं, “तू राहशील तिथे? कायमची?”

मी लगेच ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण बाभळींना लटकलेला तो कापूस, घोंगडीवरचा तो माणूस, रोजच्या पेपरातलं ते नाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी चहाचा कप उचलला. तेवढा वेळ तिला पुरला. ती उठून आत गेली.

नकाराचा फोन मीच केला. हेमंतच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“नागपूर म्हटलं असतं तं जमलं असतं, नाही का?”

“हो,” मी म्हटलं.

“जाऊ द्या. पन तुम्ही इतक्या दूर घरी आल्या, जेवल्या, हे लय चांगलं वाटलं आम्हाले.” मग त्यांनी माझ्या भावाचा गुडघा कसा आहे ते विचारलं. फोन ठेवल्यावर मला माझी फार लाज वाटली.