मांगरातली शाळा

सुगंधा मेस्त्री बाईसारखं चालायला बापाकडून शिकली. तिचे वडील दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी होते, म्हणजे पुरुष असून राणीची कामं करायचे. घरी असले की अंगणात फेऱ्या मारून चालीचा सराव करायचे आणि सात वर्षांची सुगंधा त्यांच्या मागोमाग फिरायची. मान किती वळवायची, पाऊल टेकताना टाच कधी लावायची, पदर नसताना पदर कसा सावरायचा, हे सगळं तिला तिथे समजलं. आईकडून शिकण्यासारखं काही नव्हतं. आई भराभर चालायची आणि तिच्या डोक्यावर नेहमी काहीतरी असायचं.

सुगंधा स्वतः कधी रंगमंचावर गेली नाही. तिच्या लहानपणी बायकांनी जायची पद्धत नव्हती, आणि पद्धत थोडी सैल झाली तेव्हा तिच्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली होती. वडील वारल्यावर भावाला काजूची बाग मिळाली आणि हिला एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत दोन शालू, खोटे केस आणि एक मुकुट. वाटणीवरून कोणी भांडलं नाही.

तिचं लग्न बांद्यापासून चार किलोमीटर आतल्या गावात, बाबली मेस्त्री या सुताराशी झालं. सासू गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुगंधाने घरामागचा मांगर झाडून काढला. पेंढा आणि काजूची पोती ठेवायची ती जागा. तिथे दर शनिवारी-रविवारी ती गावातल्या मुलांना दशावतार शिकवू लागली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. गोष्ट काय ते सांगायचं, कोण कोणाला मारणार ते ठरवायचं आणि बोलणं ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. मुलांना हे फार आवडलं. शाळेत कोणी त्यांना असं बोलू देत नव्हतं.

अडचण एकच होती. सुगंधाला फक्त राणीची चाल येत होती. त्यामुळे तिच्या हाताखाली तयार झालेला राजा, राक्षस आणि ऋषी हे तिघेही राणीसारखे चालायचे. पालकांच्या हे लक्षात आलं नाही. प्लासिदच्या लक्षात आलं, पण तो बोलला नाही.

प्लासिद पेटी वाजवायचा. वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षक, सगळं आयुष्य चर्चमध्ये रविवारी सकाळी ऑर्गन वाजवलेला माणूस. मिस्सा आटोपली की तो स्कूटरवरून मांगरात यायचा. त्याची बायको सॅन्ड्रा एकदा त्याला शोधत आली होती. नेमका राक्षसाचा प्रवेश चालला होता. पेटी ऐकून तिने सवयीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि मग राक्षसाकडे बघितलं.

फी महिना तीनशे रुपये होती. मुलं बावीस. फी द्यायची पाच जणं, तीही आळीपाळीने.

सुगंधा फी मागायची नाही असं नाही. मागायची, पण ऐकणाऱ्याला ती विचारपूस वाटायची.

"काय गो नम्रता, बरी आसस मां?"

"बरी आसंय गो. फीचा माझ्या ध्यानात आसा हां. चवथीक देतंय."

नम्रता ही तन्वीची आई. तन्वी म्हणजे बारा वर्षांची, शाळेतला सगळ्यात चांगला राक्षस. नम्रताचा नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, पगार वेळच्या वेळी. कोणत्या वर्षाची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, हे विचारणं सुगंधाला प्रशस्त वाटत नसे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिने एकदा धीर करून फीचा मेसेज टाकला. चौदा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

लोक काही देत नव्हते असंही नाही. फणस यायचे, आमसुलं यायची, एकदा कोणीतरी डझनभर बांगडे दिले. प्लासिदला पेट्रोलच्या पैशांऐवजी दोनदा फणस मिळाला. तो त्याने स्कूटरला बांधून नेला. तिसऱ्यांदा मिळाला तेव्हा म्हणाला, "सुगंधाबाय, हो तू ठेव. घरात फणस नेलंय तर सॅन्ड्रा माका भायर बांधून घालतली."

याच गावात जत्रेची वर्गणी कधी थकत नसे. देवळाच्या मंडपात फळा असायचा. त्यावर खडूने घराघराची नावं लिहिली जायची आणि पैसे आले की पुढे रेघ पडायची. रेघ नसलेलं नाव जत्रेच्या दिवशी सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून तसं नाव कधी उरत नसे. नम्रताच्या घराची रेघ पहिल्या आठवड्यात पडायची. देवाला चवथीचा वायदा कोणी देत नाही.

मांगराचं वीजबिल, रंग, मृदंगाचं फाटलेलं पान, हे सगळं सुगंधा साड्यांना फॉल-पिको करून भागवत होती. आठ वर्षं भागवलं. नवव्या वर्षी पावसाळ्यात मांगराचं छप्पर एका बाजूने बसलं. बाबलीने शिडी लावून बघितलं, खाली उतरला, हात पुसले.

"अडतीस हजार," तो म्हणाला.

सुगंधाने शिडी भिंतीवरून काढून आडवी ठेवली.

"बांद्याचो एक प्लायवूडवालो आसा. गोडावनाक जागा बगता. छप्पर तोच घालतलो. वर म्हयन्याक चार हजार."

"आणि पोरां?"

"पोरांच्या आवशी-बापाशींका इचार," बाबली म्हणाला. "त्येंच्याकडे अडतीस हजार आसत काय ता."

हे तो चिडून बोलला नाही. चिडला असता तर तिला भांडता आलं असतं. तिने रात्रभर विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "जत्रेपर्यंत ऱ्हवांदेत. जत्रा झाली काय मांगर तुमचो." बाबलीने प्लायवूडवाल्याकडून पाच हजार ॲडव्हान्स घेतला.

जत्रेला रात्री मोठ्या कंपनीचं नाटक असतं. त्याआधी, संध्याकाळी, मुलांना तासभर रंगमंच मिळावा म्हणून सुगंधा गावकरांना भेटली. गावकर म्हणजे गावच्या मानकऱ्यांतले पहिले. देवळात त्यांच्याआधी कोणाचा नारळ फुटत नाही. ते हो म्हणाले. शाळा बंद होणार हे तिने दोघांनाच सांगितलं: प्लासिदला, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या हरिश्चंद्र घाडींना. सगळं गाव त्यांना हरीकाका म्हणायचं.

प्लासिद म्हणाला, "बरा. माका गुडघे दुखतत तसे." मग तो पेटी पुसायला लागला. ती आधीच पुसलेली होती.

हरीकाकांना ती म्हणाली, "पोरांचो हो शेवटचो खेळ. तेवडा गाऱ्हाण्यात घाला."

"घालतंय," हरीकाका म्हणाले.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घाडी देवासमोर उभा राहतो, जमलेल्यांच्या वतीने देवाला सगळं सांगतो, मागायचं ते मागतो, कबूल करायचं ते कबूल करतो. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हरीकाका पन्नास वर्षं हे करत होते. विहिरीसाठी, लग्नासाठी, ट्रॅक्टरसाठी, एकदा मोबाईलच्या टॉवरसाठी.

जत्रेच्या संध्याकाळी मंडप भरला होता. मुलं रंग लावून ओळीत उभी होती. तन्वीने राक्षसाच्या मिशा स्वतः रंगवल्या होत्या आणि त्या हलू नयेत म्हणून ती कोणाशी बोलत नव्हती. सुगंधा हातात नारळाचं ताट घेऊन उभी होती. हरीकाकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या जत्रेक पोरांनी जी काय सेवा मांडल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात तर लेकरां समजान पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हीच पोरां, हीच सेवा, दरवर्साक ह्याच दिवशी तुझ्या पायाकडे घेवन येतली. त्येंका डोक्यार सावली दी, शिकवणारीक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला. बाबली म्हणाला. पेटीमागून प्लासिद म्हणाला. ताट हातात धरून सुगंधाही म्हणाली. आपण काय कबूल केलं हे तिला कळलं ते म्हणून झाल्यावर.

खेळ बरा झाला. राक्षस मेला तेव्हा लोकांना वाईट वाटलं. सुगंधाने मुलांच्या तोंडावरचा रंग तेल लावून काढला आणि ती देवळामागे हरीकाकांना गाठायला गेली.

"हरीकाका, मी तुमका सांगललंय, शेवटचो म्हणान."

"सांगललंस."

"मगे?"

"देवाच्या फुडे ऱ्हवान 'आता आमी येवचव नाय' असा सांगू? पन्नास वर्सांत तसा कोणाचा गाऱ्हाणा घालूक नाय. माका ता येनाच नाय." त्यांनी पान लावलं. "तूच सांग जा. देव हयच आसा."

सुगंधा गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलीने प्लायवूडवाल्याला फोन लावला आणि ॲडव्हान्स परत न्यायला सांगितलं. सुगंधाने काही विचारलं नव्हतं, तरी त्याने खुलासा केला.

"देवाच्या फुडे व्हय म्हटलंय. आणि मी मशिनीर काम करतंय. माझी धा बोटां आसत. माका धाय होयी."

आता मांगर होता, शाळा होती, आणि छप्पर नव्हतं. पण पुढच्या सोमवारी देवळात बैठक झाली. गावकर म्हणाले, "सावली दी असा गावान मागला. देव काय पत्रे घालूक येवचो नाय. कबूल गावान केला, भागवूचा गावान." घरटी सहाशे रुपये ठरले, दरवर्षी. फळा पुसून पुन्हा नावं लिहिली गेली. नऊ दिवसांत सगळ्या रेघा पडल्या. नम्रता दुसऱ्या दिवशीच सुगंधाच्या दारात आली, सहाशे रुपये आणि वर एक नारळ घेऊन.

"पावती देशीत मां गो?"

सुगंधाने पावती दिली. अकरा महिन्यांची फी थकली होती. त्याबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. फी सुगंधाची होती, वर्गणी देवाची.

शिमग्याच्या आधी मांगरावर निळे पत्रे चढले. प्लासिदला पेट्रोलचे पैसे रोख मिळाले. त्याने ते दोनदा मोजले, विश्वास नव्हता म्हणून नव्हे, मोजायची संधी फार दिवसांनी आली होती म्हणून.

मग एका रविवारी सकाळी गावकर घरी आले. सोबत त्यांचा नातू सर्वेश. सर्वेश अकरा वर्षांचा, गोरा, आणि सहसा न बोलणारा. गावकर खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "फुडच्या जत्रेक राजाचा काम सर्वेश करतलो. मान आमच्या घराचो."

"करांदे," सुगंधा म्हणाली.

"आणि ता नम्रताचा चेडू, तन्वी. आता मोठा झाला. इतके दिवस शाळा होती, बरा दिसा. आता देवाची सेवा आसा. चेडवांनी थंय उभ्या ऱ्हवचा म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. अशी वाक्यं आमच्याकडे पुरी करत नाहीत.

सुगंधाने त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला. "माजी काय हरकत नाय. पण कबूल काय केललां ता हरीकाकांक इचारूक होया. फुडे काय झाला तर माझ्यार नको."

हरीकाका दोन घरं सोडून राहायचे. ते आले, ओट्याच्या पायरीवर बसले.

"काय कबूल केलास ओ हरीकाका?" गावकरांनी विचारलं.

"हीच पोरां, हीच सेवा."

"तन्वी त्यात इली?"

"मिशये लावन फुडेच उभा होता ता. देवान बगल्यान."

"आणि बदलूचा आसला तर?"

"कौल लावचो लागात," हरीकाका म्हणाले. "देवाक फुलां लावून इचारूचा. उजवा फूल पडला तर बदला." मग त्यांनी सर्वेशकडे बघितलं. "ह्यो त्या दिवशी खंय होतो?"

"आकाशपाळण्यात," सर्वेश म्हणाला. त्या सकाळी तो एवढंच बोलला.

"मगे ह्योव त्यात नाय. ह्येचोव कौल लावचो लागात."

गावकरांनी चहा संपवला. बशी पालथी ठेवली, परत सरळ केली. देव काय उत्तर देईल याचा त्यांना पन्नास वर्षांचा अनुभव होता, आणि तो भरवशाचा नव्हता.

"एवड्याशा गोष्टीक देवाक कित्याक तरास?" ते म्हणाले. "दोगांवय ऱ्हवांदेत."

पुढच्या शनिवारपासून सर्वेश यायला लागला. त्याला उभ्या उभ्या बोलणं जुळवता येत नव्हतं. ते तन्वीने अंगावर घेतलं. राक्षसच राजाला विचारी, "तू माका आता मारतलंस, होय मां?" आणि राजा मान हलवी. चालणं शिकवायचं काम सुगंधाचं होतं. ती पुढे, सर्वेश मागे, अशा निळ्या पत्र्याखाली फेऱ्या सुरू झाल्या. मान थोडी वळवायची, टाच सावकाश टेकवायची, खांद्यावर नसलेलं काहीतरी अलगद सावरायचं. पोरगा चलाख होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने चाल हुबेहूब उचलली. तन्वी मिशीवर हात ठेवून हसली तेव्हा सुगंधाने तिच्याकडे नुसतं बघितलं.

गावकर दारात खुर्ची टाकून बसले होते. प्लासिदने राजाच्या प्रवेशाची पेटी धरली, नेहमीसारखीच, देऊळ आणि चर्च यांच्या मधली. सर्वेश मांगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथ चालत गेला, वळला, आणि पदर सावरून उभा राहिला.

गावकर खुर्चीत ताठ होऊन बघत होते. मग प्लासिदकडे वळून म्हणाले, "चालण्यात आपल्या आज्यार गेलोहा."