हातचा एकाहत्तर

दाजी हे माझे दाजी. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी साइटवर त्यांना दाजी म्हणायचो, ते ऐकून गवंडी म्हणायला लागले, मग सुतार, मग वॉचमन. आता तर कंत्राटदारसुद्धा, जो सख्ख्या बापालाही अरे-तुरे करत असेल अशी मला शंका आहे, तोही "दाजी, जरा येता का" म्हणतो. एवढ्या सगळ्यांना पुरतील इतक्या मुली काही आमच्या आईला नव्हत्या.

दाजी मोबाइल क्रेन चालवतात आणि मी खाली उभा राहून त्यांना हाताने खुणा करतो. वर, खाली, डावीकडे, थांब. सतरा वर्षं झाली. वर केबिनमध्ये ते, खाली मी आणि मध्ये लोंबकळणारं दोन-तीन टनांचं ओझं. ओझ्याच्या पलीकडचं त्यांना केबिनमधून दिसत नाही, तिकडचे डोळे माझे. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते दिसणारच आहे. दाजी अगदी थंड. ताई म्हणते, घराला आग लागली तरी हे आधी चपला सरळ लावतील आणि मग बाहेर पडतील.

सकाळी साइटवर आलं की बाकीचे चहाकडे जातात आणि दाजी क्रेनभोवती फेरी मारतात. टायर बघतात, तेल कुठे ठिबकलंय का ते बघतात, पोलादी दोर हातमोजा घालून चाचपतात. हुकाला एक छोटी कडी असते, पट्टा निसटू नये म्हणून, ती बोटाने दाबून सोडतात. कडी टक करून परत बसली की त्यांना समाधान. मग क्रेनचे चारही पाय बाहेर काढायचे. क्रेनला पाय असतात, ओझं उचलताना ती टायरवर नाही, या पायांवर उभी राहते. आणि प्रत्येक पायाखाली जाड लाकडी फळ्यांची थप्पी. त्या थप्पीला दाजी अंथरूण म्हणतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण शाळेत शिकलो. दाजी म्हणतात, ती म्हण काही क्रेनवाल्याने केलेली नाही. "आपण आधी पाय पसरायचे, पूर्ण, अगदी शेवटपर्यंत. मग त्याखाली अंथरूण घालायचं. जागा नाही म्हणून एक पाय अर्धा दुमडून झोपलास तर कुशीवर होशील." एकदा एका अरुंद गल्लीत कुणाची तरी विटांची रास आड येत होती. तीन पाय पूर्ण आणि चौथा अर्धा, एवढीच अडचण. मी म्हटलं, ओझं हलकं आहे, उरकून टाकू. दाजींनी क्रेन बंद केली, खाली उतरले आणि एक एक वीट उचलून पलीकडे रचायला लागले. दीड तास. मी बडबड बडबड बडबडलो आणि शेवटी विटा उचलायला लागलो. करतो काय?

पण मला सांगायचंय ते कागदाचं.

प्रत्येक ओझं उचलायच्या आधी ऑपरेटरला एक कागद भरावा लागतो. ओझ्याचं वजन किती, हुकाचं आणि पट्ट्यांचं किती, सगळं मिळून किती, आणि ओझं जितकं लांब न्यायचं तेवढ्या अंतरावर क्रेन किती पेलते ते तक्त्यातून बघून लिहायचं. खाली ऑपरेटरची सही आणि माझी सही. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की दाजींची बेरीज चुकते. रोज चुकते आणि नेहमी जास्तच येते. दोन हजार आणि तीनशे मिळवले की यांचे तेवीसशे अठ्ठावन्न.

"दाजी, पाढे विसरलात की काय?"

"हातचा आहे तो," दाजी म्हणाले.

आता मी काही फार शिकलेला नाही, पण हातचा एक असतो, फार तर दोन असतो, एवढं मलाही कळतं. अठ्ठावन्नचा हातचा कुठल्या शाळेत शिकवतात? मी पोट धरून हसलो. घरी ताईला सांगितलं, भाच्यांना सांगितलं. पुढे आमच्या घरात कुणाची बेरीज चुकली की "दाजींचा हातचा" म्हणायचीच पद्धत पडली. दाजी ऐकायचे, हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकीची बेरीज करायचे. मी सही करायचो. चूक जास्तीच्या बाजूला आहे, कुणाचं काय बिघडतंय? कागद तर कुणी बेरजेपर्यंत वाचतच नव्हतं.

सतरा वर्षांनी एकीने वाचला.

सुरक्षेची तपासणी करणारी नवीन मॅडम सोमवारी आली. तिशीची असेल, डोक्यावर हेल्मेट, आवाज हळू. अशा हळू बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते. तिने दाजींचं काम दिवसभर बघितलं, पायांखालचं अंथरूण स्वतः वाकून बघितलं, एका शब्दाने नाव ठेवलं नाही. आणि मंगळवारी जाताना म्हणाली, "चार वर्षांचे कागद काढलेत मी. तुमच्या सगळ्या बेरजा चुकीच्या आहेत. उद्या दहाला ऑफिसात या. मला कारण पटलं नाही तर तुम्हाला केबिनमध्ये बसू देता येणार नाही."

दाजींच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. केबिनमधून उतरवलं म्हणजे गोदामाच्या दारात स्टूल टाकून बसवतील. ज्या माणसाने सतरा वर्षांत माझ्या डोक्यावरून एक खिळासुद्धा पडू दिला नाही, त्याने दारावर बसून खिळे मोजायचे? आणि चूक मला पहिल्या महिन्यापासून माहीत होती. मी हसत बसलो होतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजी खिडकीपाशी बसून पायाचं नख कापत होते.

"दाजी, उद्या काय सांगणार आहात?"

"बघू."

"बघू काय? तो हातचा म्हणजे नक्की काय आहे, मला तरी सांगा."

"हातचा म्हणजे हातचा."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, वय झालं तुमचं, बेरीज येत नाही तर येत नाही म्हणा, माझ्याकडून करून घ्यायची होती, आता ताईने काय शेजारणींना सांगायचं, माझा नवरा दारावर बसतो म्हणून? ताईने घडी खाली ठेवली आणि म्हणाली, "तोंड आवर. माझ्या नवऱ्याला बोलायचं असेल तर मी बोलेन." दाजी मात्र शांतच. म्हणाले, "जेवून जा. आणि भात कमी घे, पोट सुटतंय तुझं." वर हे ऐकायचं. शनिवारीच आमची वर्षाची डॉक्टरी तपासणी झाली होती आणि वजनावरून बायकोने आधीच माझी लाज काढली होती. मी न जेवताच निघालो.

बुधवारी दहा वाजता ऑफिसात टेबलाच्या अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे मॅडम, पुढे फाइल.

"हे काय आहे?" तिने कागदावर बोट ठेवलं.

"हातचा," दाजी म्हणाले.

"एकाहत्तरचा?"

"हो."

ती हसली नाही. म्हणाली, "चूक जास्तीच्या बाजूला आहे, धोका नाही, हे मलाही कळतं. पण ज्या आकड्याचं कारण ऑपरेटरला सांगता येत नाही, तो आकडा उद्या कमीच्या बाजूलाही जाऊ शकतो. मग खाली उभ्या असलेल्या माणसाचं काय? मला कारण सांगा, नाहीतर किल्ली ठेवा."

दाजी माझ्याकडे न बघता उठले. शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. अगदी हळू, आवाजसुद्धा झाला नाही. तीस वर्षांची नोकरी या माणसाने चहाचा कप ठेवावा तशी ठेवून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला सांगितलं.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हटलं. "सगळ्या वर्षांत एकाहत्तरच आहे का?"

तिने फाइल माझ्याकडे वळवली. आकडे तिने एका कोऱ्या कागदावर उतरवून ठेवले होते. चार वर्षांपूर्वी सहासष्ट. मग एकसष्ट. मग अडुसष्ट. आणि या सोमवारपासून एकाहत्तर.

एकसष्टवर माझी नजर अडकली. त्या वर्षी मला कावीळ झाली होती. महिनाभर घरी होतो, परत आलो तेव्हा पँट दोरीने बांधावी लागत होती. दाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं होतं आणि विचारलं होतं, "किती भरलास?" मला वाटलं होतं, काळजीने विचारतायत.

काळजीनेच विचारत होते.

मी मॅडमना म्हटलं, चला माझ्याबरोबर. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, चला तर खरं. ऑफिसाच्या मागेच प्रथमोपचाराची खोली आहे. तिथे आमची सिस्टर कापूस मोजून ठेवत होती. मी बूट काढले, हेल्मेट काढलं आणि वजनकाट्यावर उभा राहिलो.

"वाचा," मी मॅडमना म्हटलं.

तिने वाकायच्या आधीच सिस्टर म्हणाली, "एकाहत्तर. शनिवारीच तर झालं. दाजींना सांगितलंय मी. दरवर्षी येऊन विचारून जातात, मेहुणे किती भरले म्हणून."

मॅडमने वाकून काटा स्वतः वाचला. दाजी दारात उभे होते आणि चोरी पकडल्यासारखे कान लाल झाले होते त्यांचे. मॅडम म्हणाली, "पण हा माणूस दोराला लागत नाही. ओझ्याखाली तर उभाच राहत नाही, बाजूला राहतो."

"दोराला नाही लागत," दाजी म्हणाले. मग वाकून माझे काढलेले बूट सरळ लावून ठेवले.

मॅडमने किल्ली खिशातून काढली. आणली होती ती बरोबर. दाजींच्या हातात देत म्हणाली, "बेरजेत फक्त दोराला लागणारं वजन येईल. एक किलो जास्त नाही, एक किलो कमी नाही. उद्यापासून मी रोज बघणार आहे. बाकी काही लिहायचं असेल तर कागदाच्या खाली शेऱ्याचा रकाना आहे. तो कुणी वापरत नाही."

क्रेनकडे परत येताना मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतास."

"आणि मॅडमना?"

"चार माणसांत काय सांगायचं?" थोडं चालल्यावर ते म्हणाले, "तुला पहिल्यांदा साइटवर आणलं ना, तेव्हा तुझी ताई दारापर्यंत आली होती. म्हणाली, एकुलता एक भाऊ आहे, तुमच्या ओझ्याजवळ उभा राहणार आहे. मी म्हटलं, बघतो. आता बघतो म्हणजे काय करायचं? मला एवढंच सुचलं. आधी तुझं वजन धरायचं, मग उचलायचं."

मी आदल्या संध्याकाळी जे बोललो होतो त्याची मला इतकी लाज वाटली की मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं दुर्मीळ आहे, दाजींनी ओळखलं. म्हणाले, "जाऊ दे. ताईकडे जाऊन जेव आज."

दुसऱ्या दिवशी काँक्रीटचा तयार जिना वर चढवायचा होता. दाजींनी फेरी मारली, कडी टक केली, चारही पाय पूर्ण पसरले, अंथरूण घातलं. मग कागद माझ्यापुढे धरला. जिना अठ्ठावीसशे पन्नास. हुक आणि पट्टे तीनशे दहा. एकूण एकतीसशे साठ.

बेरीज बरोबर होती. अगदी काट्यावर बरोबर. मला बरं वाटायला हवं होतं, दाजींची केबिन वाचली होती. पण खरं सांगतो, मला काही बरं वाटलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या कागदावर नव्हतो.

सही करायला पेन टेकवलं, तेव्हा खालचा रकाना दिसला. शेऱ्याचा, कुणी वापरत नाही तो. त्यात दाजींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

"हातचा खाली उभा आहे. हळू."

मी सही केली. दाजी केबिनमध्ये चढले. मी जिन्याच्या पलीकडे, माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला.