मास्तर समोर बसले तेव्हा
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की राहुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेले ते म्हातारे मास्तर आठवतात. शाळेत माझ्या तोतरेपणाची नक्कल करून त्यांनी अख्खा वर्ग हसवला होता. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही. “बायको गेल्यापासून घर खायला उठतं बघा,” ते पुटपुटले. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हणाले, “मोठ्यानं सांगा.” तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांची जीभ अडखळली आणि मला फार बरं वाटलं. “ताई, माझं काय चुकतंय का?” त्यांनी घाबरून विचारलं. तेव्हा मात्र मला माझीच भीती वाटली. संध्याकाळी आमच्या केंद्रातल्या वरिष्ठ समुपदेशक बाईंना सगळं खरं सांगून मी मास्तरांना त्यांच्याकडे सोपवलं. माफ मी त्यांना आजही केलेलं नाही, आणि तेवढं स्वतःशी कबूल करूनच रोज खुर्चीत बसते.