आमेन होईपर्यंत

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची, बायको. आमच्याकडे भुताखेताचं नाव काढणं म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय अशी कबुलीच. कोणी घरी असली तक्रार घेऊन आलं की मी चहा टाकायची, नवरा प्रार्थना करायचा आणि माणूस गेला की आम्ही दोघं हसायचो. तेव्हा कोणाला पटवायची मला हौस नाही. आमची माणसं हे ऐकून घेणार नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची, म्हणजे विनयची, नगरहून नागपूरला बदली झाली. मनीषनगरला नवी मंडळी, म्हणजे भाविकांचा नवा समुदाय, सुरू होत होती. चर्चची इमारत नव्हती, रविवारची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. वर्षभर काम बघून मग विनयला कायम करणार होते. एस्तेर चार वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा... आणि आम्ही पोचलो ऐन मे महिन्यात. मे महिन्यात नागपुरात घर हलवायला लावणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. पाळकाच्या बायकोने असं बोलू नये, पण खरं ते खरं.

तो माणूस म्हणजे डोंगरे काका. मंडळीचे मुख्य पंच, निवृत्त हेडमास्तर. घर त्यांनीच बघून ठेवलं होतं — उड्डाणपुलापासून दहा मिनिटं आत, तिसरा मजला, टू बीएचके, बिल्डिंग जेमतेम चार वर्षं जुनी. तिथे कोणी मेलेलं नव्हतं, समोर पिंपळ नाही, विहीर नाही. हे सगळं मी नंतर खोदून खोदून विचारलंय. तरी त्या घराला आम्ही नको होतो. हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं, आणि जाणवतंय याचाच राग आला.

पहिल्या दुपारी हॉलमध्ये फरशीवर ताटं मांडली. जेवणाआधी आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करतो. विनयची प्रार्थना अर्ध्या मिनिटाची. आमेन म्हणून डोळे उघडले तर एस्तेरचं ताट उपडं. वरणभात सगळा ताटाखाली. आता स्टीलचं ताट फरशीवर पालथं झालं तर आवाज व्हायला हवा की नाही? झाला नव्हता.

मी एस्तेरला ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मी नाही केलं," एवढंच ती म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना ती मध्येच "आई, बघ" म्हणाली. मी डोळे न उघडताच तिच्या पाठीत धपाटा घातला, तिचे दोन्ही हात माझ्या मुठीत घट्ट धरले आणि दटावलं की आमेन होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आमेन झालं. डोळे उघडले. तिचे हात माझ्या मुठीतच होते आणि ताट उपडं होतं.

मग आम्ही काय केलं? आमच्यासारखी माणसं जे करतात तेच. प्रार्थना वाढवली. अर्ध्या मिनिटाची पाच मिनिटं झाली आणि धाकट्याच्या झोळीची गाठ सुटलेली सापडली. दहा मिनिटांची केली तर बंद करून ठेवलेला गॅस भणभणत पेटलेला. एरवी दिवसभर काही नाही... डोळे उघडे असताना तर कधीच नाही. पंधरा दिवसांत हे माझ्या लक्षात आलं. मी विनयला म्हटलं, आपण डोळे उघडे ठेवून प्रार्थना करू या. तो भडकला.

"म्हणजे देवाकडे बघायचं सोडून त्याच्यावर पहारा करायचा?"

"त्याच्यावर" म्हणजे कोणावर, ते मी विचारलं नाही.

एस्तेरने मात्र डोळे मिटणंच सोडलं. उपासनेतसुद्धा टक्क उघडे ठेवून बसायची. डोंगरे काकांनी ते पाहिलं. स्वतःचे डोळे मिटलेले असताना कसं पाहिलं, हे विचारायची सोय नव्हती. ते घरी आले.

"पाळकाचीच पोरगी असं करून राहिली तर बाकीच्या लेकरायले काय सांगायचं?" ते मला म्हणाले. "तिले शिस्त लावा, मॅडम. नाही तर कमिटीत विषय निघते."

मला त्यांना दाराबाहेर काढावंसं वाटलं. पण विनयचं वर्ष त्यांच्या हातात होतं. विनयने चाचरत सांगितलं की घरात शांती नाही. काकांनी लगेच उपाय काढला — शनिवारी आमच्याच घरी उपास-प्रार्थना, अकरा ते एक.

सोळा-सतरा माणसं आली. ऊन आत येतं म्हणून दाराला कडी घातली. धाकटा माझ्या मांडीवर, उजवा हात एस्तेरच्या गुडघ्यावर. मी ठरवलं होतं, काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. पण काका नेमके समोर बसले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं... आणि मी मिटले. काकांची प्रार्थना लांबत गेली. हाताखाली गुडघ्याची ऊब मला शेवटपर्यंत जाणवत होती.

आमेन. डोळे उघडले तर माझा हात गादीवर होता.

दाराची कडी तशीच. दोन्ही खोल्या, बाथरूम, बाल्कनी, सगळं शोधलं. मी वेड्यासारखी हाका मारत होते. शेवटी कोणीतरी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, आमच्या रिकाम्या बॅगांच्या मागे, एस्तेर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. विनय ओट्यावर चढला तेव्हा कुठे त्याचा हात कसाबसा पोचला. शिडी घरात नव्हती, स्टूलही नव्हतं.

"कशी चढली वं तिथं?" काकांनी विचारलं, आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, लेकरं म्हणजे माकडंच.

मी तिला आतल्या खोलीत नेलं. अंगावर ओरखडा नव्हता. विचारलं, हाक का नाही मारलीस?

"आमेन झालं नव्हतं ना," ती म्हणाली.

त्या चार शब्दांनी माझं जे झालं, ते त्या घराने इतक्या दिवसांत केलं नव्हतं. मी खूप रडले. तिची माफी मागितली.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही मुलांना घेऊन घर सोडलं. पुढे जरीपटक्याला आम्हा चौघांना दोन खोल्या मिळाल्या — मंडळीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. काका चिडले. विनयने सगळ्यांना सांगितलं की पोरगी चढली असेल, आणि माझ्याशी त्या शनिवारबद्दल तो आजपर्यंत एक अक्षर बोललेला नाही. ते काय होतं, आमच्यावर त्याचा कसला राग होता, चार वर्षांची पोर तिथवर कशी गेली... मला आजही सांगता येत नाही.

एक मात्र मी पाहिलंय. घर सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या उपासनेत, विनय म्हणाला, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हळूच डोळे उघडले. तो नेहमीच्याच आवाजात, न अडखळता प्रार्थना करत होता. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि एस्तेरवरून हलत नव्हते.