कोलोनची ट्रेन

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घरात प्रत्येक प्रवास दिगंबरच ठरवत असे. १९८६ साली त्याच्या बायकोची, सुलेखाची, बहीण प्रतिमा जर्मनीत कोलोनला आजारी पडली. ऑपरेशन दुपारी होतं आणि सुलेखाचं विमान त्याच सकाळी फ्रँकफर्टला उतरणार होतं.

"फ्रँकफर्टचे करमरकर संध्याकाळी ड्यूटी संपवून तुला घ्यायला येतील. तोवर एअरपोर्टवर बसून राहा," दिगंबर म्हणाला.

"एअरपोर्टच्या खालूनच कोलोनची ट्रेन सुटते. ऑपरेशनच्या आधी प्रतिमा भेटेल."

"इथं शेजारच्या प्रिन्स्टनला एकटी जात नाहीस, आणि जर्मनीत ट्रेन पकडणार?"

"तुम्ही कधी जाऊ दिलंत? आणि करमरकरांना तुम्ही तरी पाहिलंय का?"

"मराठी आहेत. तेवढं पुरे."

तोही अशीच अनोळखी मराठी माणसं एअरपोर्टवरून घरी आणायचा. त्यांच्यासाठी पोळ्या सुलेखा लाटायची. तिनं करमरकरांना फोन लावला.

"करमरकरकाका, सुलेखा बोलतेय. तुम्ही येऊ नका, मी ट्रेननं जाते."

पलीकडून काका सुटल्यासारखे "बरं, बरं" म्हणाले.

"माझी लाज घालवलीस. हरवलीस तर मला फोन करू नकोस," दिगंबर म्हणाला.

"पोचल्यावरही करणार नाही," सुलेखा म्हणाली.